मदत हवी आहे: सड्यांवर पीएचडी करायची आहे, पण जागाच मध्येच हातची गेली तर?

नमस्कार. एमएस्सी प्राणिशास्त्र झालंय, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली आहे आणि पीएचडीचा प्रस्ताव लिहितेय. विषय पक्का आहे: रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातले जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या खडकाची सपाट पठारं, आणि तिथल्या सुट्या दगडांच्या आसऱ्याने राहणारे बेडूक, पाली. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पाल १९६३ साली आमच्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून शास्त्राला कळली. एवढं इथलं असलेलं काही सोडून दुसरीकडे जावंसं वाटत नाही.

अडचण जमिनीची आहे. अभयारण्यात काम करायचं तर वनखात्याकडे अर्ज करायचा, हे सरळ आहे. सडा मात्र बहुतेक ठिकाणी खासगी. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेला, उताऱ्यावर भाऊबंदांची लांबलचक यादी, त्यातले निम्मे मुंबईला. प्राणी हाताळायचा परवाना वेगळा काढावा लागेल, तो भाग समजला आहे. पण जमिनीवर पाय ठेवायची संमती नेमकी कोणाची घ्यायची? कसणाऱ्याची तोंडी पुरते की सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात? ग्रामपंचायतीचं पत्र संस्थेची नीतिसमिती मान्य करते का?

दुसरी भीती मोठी आहे. मला मोकळा सडा, आंबा-काजूची कलमबाग आणि भातखाचर यांची तुलना करायची आहे. बेडकांचं काम पावसाळ्याचे चार महिनेच चालतं, एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. आणि आज मोकळा असलेला सडा पुढच्या जूनपर्यंत तसाच राहील याची खात्री नाही. चिरेखाण सुरू होते, कलमांसाठी माती आणून भरतात, सुटे दगड उचलून गडगे (दगडी कुंपणं) घालतात. पाली ज्या दगडांखाली असतात तेच दगड! अशा वेळी सुरुवातीपासूनच जास्तीच्या जागा धरून ठेवायच्या का? की झालेला बदलच अभ्यासात घ्यायचा, आधीची आणि नंतरची नोंद म्हणून? परीक्षक ते मानतात का?

एका मार्गदर्शकांनी साताऱ्याजवळच्या कास पठारावर जा म्हणून सुचवलं. कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे, संरक्षण आहे, हे खरं. पण ते हजार मीटरच्या वरचं पठार. समुद्राजवळच्या सड्यांचा प्रश्न तिथे कसा सुटणार?

माळरान, गायरान, देवराई अशा खासगी किंवा सामाईक जमिनींवर ज्यांनी पीएचडी केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. संमतीपत्राचा मराठी मसुदा असेल तर फार उपयोग होईल. पावसाआधी जागा नक्की करायच्या आहेत.