‘आर्जवी’ म्हणजे मृदुभाषी का?

पाटीपेन्सिल
एका व्यक्तिचित्रात मुख्याध्यापिकांना ‘अत्यंत आर्जवी बाई’ म्हटलंय. म्हणायचंय ते असं की हळू, गोड बोलतात, आवाज चढवत नाहीत. गीतेत आर्जव म्हणजे सरळपणा, आणि आपण ‘आर्जवं करणं’ म्हणतो ते विनवण्यांना. शब्द ठेवू की बदलू?

मुद्रितशोधक
बदला, ‘मृदुभाषी’ करा. मृदूचं मार्दव, लघूचं लाघव, तसं ऋजूचं आर्जव. तेराव्या अध्यायातलं ‘क्षान्तिरार्जवम्’ घ्या किंवा जैनांच्या दशलक्षण पर्वातलं ‘उत्तम आर्जव’, दोन्हीकडे अर्थ निष्कपटपणा. पोटात एक, ओठात एक असं नसणं. गोड बोलण्याशी त्याचा संबंध नाही.

चालू मराठीत शब्द सरकलाय. आर्जवी बोलण्यामागे आता काहीतरी मागणं असतं. ‘थांब ना गं थोडी’ हे आर्जवी. ‘बसा, पाणी घ्या’ कितीही हळू म्हटलं तरी ते मृदूच. त्यामुळे ‘आर्जवी स्वर’, ‘आर्जवी नजर’ चपखल बसतं, पण ‘आर्जवी बाई’ म्हटलं की बाई सदानकदा कुणाची तरी मनधरणी करताहेत असं वाटतं.

काना_मात्रा
मनधरणी वेगळी हं. तिला समोरचा रुसलेला लागतो. गयावया करताना माणूस स्वतःला लहान करून घेतो, काकुळतीला येतो तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. आर्जवात लाचारी नाही. नकार आला तरी बोलणाऱ्याचा मान शाबूत राहतो. आणि संवाद लिहिताना ‘आर्जवाने म्हणाली’ एवढ्यावर भागत नाही, वाक्यातही ते दिसायला हवं. वरच्या वाक्यातलं ‘ना गं’ आणि ‘थोडी’ काढून बघा. उरतं नुसतं ‘थांब’, म्हणजे हुकूम.

‘अर्जव’ असं लिहू नका. ‘अर्ज’ अरबीतून आला, त्याचा इथे काही संबंध नाही. ‘आर्जवता’ही नको. आर्जव हे मुळात भाववाचक नाम, त्याला पुन्हा ‘ता’ कशाला? ‘सौजन्यता’ची तीच गत.

पाटीपेन्सिल
‘गोडबोली’ चालेल का? की ‘लाघवी’?

मुद्रितशोधक
‘गोडबोली’ला मतलबाचा वास येतो. ‘लाघवी’ लहान मुलांना शोभतं; मुख्याध्यापिकांना लावलं तर वाचक हसेल.

पाटीपेन्सिल
‘मृदुभाषी’ केलं. पुढे बाई ग्रंथालयासाठी पालकांकडे जुनी पुस्तकं मागतात, तिथे ‘आर्जवाने’ आहे.

मुद्रितशोधक
ते राहू द्या.