क्रूझरची पहिली टेस्ट राइड : तुम्हाला काय जाणवलं?

दिवाळीला गाडी घ्यायची आहे. कोणती यावर घरात एकमत नाही, पण क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायची मोटरसायकल, घ्यायची यावर झालंय, हेही कमी नाही. सध्या शोरूम पालथी घालणं चालू आहे. आकडे सगळ्यांना पाठ असतात : रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०, ३४९ सीसी, २७ न्यूटन मीटर टॉर्क, १९१ किलो. ते इथे नकोत. पहिल्यांदा बसलात, क्लच सोडलात, तेव्हा अंगाला काय कळलं ते लिहा. चालवणाऱ्यांनीही लिहा, मागे बसणाऱ्यांनीही.

सुरुवात मीच करतो, मीटिऑरपासून. आजवर सगळा जन्म १२५ सीसीवर गेला. त्यामुळे बसल्या बसल्या पाय सवयीने खाली गेला आणि तिथे काहीच नव्हतं. फूटरेस्ट पुढे, गिअर टाचेने-चवड्याने टाकायचा. हे पहिल्या सिग्नलपर्यंत जमून जातं. बाणेर रोडला सरळ रस्ता मिळाल्यावर तर गाडी साठच्या वेगाला इतकी निवांत बसली की मला उगाचच मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं. खरी गंमत यू-टर्नला. चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आणि पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारे दांडे, तिरका, त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी स्वतःच्याच मर्जीने वळते. अर्धा क्लच, मागचा ब्रेक हलका दाबलेला आणि मान थेट जिकडे जायचंय तिकडे, एवढं केलं की गुमान फिरते. त्या वेगात पुढच्या ब्रेकला हात लावला तर आडवी होणार. मागे बसलेल्या सेल्समनने माझा खांदा घट्ट धरला होता, त्यावरून वळण कसं झालं ते समजून घ्या.

रंकाळ्याचा बुलेटवाला, कोल्हापूर

आमच्याकडं जुनी बुलेट. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आन् बाकीचे खाली. ह्या सवयीच्या माणसाला पोरानं मीटिऑरवर बसवलं. पहिल्या चौकात दोन्ही पायांचं भांडण झालं, पण ते असू दे. मला खरं नवल वाटलं ते आरशाचं. आमच्या बुलेटच्या आरशात मागचा ट्रक आन् मागची म्हैस एकसारखीच दिसायची, नुसती थरथर. हिच्या आरशात चक्क नंबरप्लेट वाचली. पोरगा म्हणतो इंजिनात बॅलन्सर शाफ्ट टाकलाय, तो उलटा फिरून हादरे मारतो. असंल. स्ट्रोक, म्हंजे पिस्टनची वरखाली धाव, लांबच आहे, ८५.८ मिलिमीटर, म्हणून इंजिन हळू फिरत असलं तरी बी चढ ओढते. आवाज मात्र सभ्य झालाय. चालवायला नाद खुळा, पण गल्लीत शिरल्यावर कुणी दार उघडून बघत नाही, ह्याची सवय व्हायला वेळ लागंल.

सुईदोरा, नाशिक

उंची पाच फूट एक इंच, म्हणून 'सीट खाली आहे ना, मग क्रूझरच घे' असं ज्याने त्याने सांगितलं. अ‍ॅव्हेंजर २२० ही बजाजची क्रूझर बघायला गेले. शोरूममधला मुलगा सगळी माहिती माझ्या नवऱ्याला देत होता. नवऱ्याला स्कूटरपलीकडे काही येत नाही, तो बिचारा माना डोलवत उभा.

सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच! पण बायकांनो, नुसत्या टाचा टेकल्या म्हणून सही करू नका. हँडल पूर्ण डावीकडे वळवून बघा. उजवा हात क्रूझरच्या मागे ओढलेल्या हँडलबरोबर लांब लांब जातो, पाठ सीटवरून सुटते, आणि नेमकं तेव्हाच थ्रॉटल हलका ठेवायचा असतो. हे गाडी उभी असतानाच तपासता येतं, पेट्रोलही जळत नाही. मी तिथेच उभ्या उभ्या दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं, मग चालवली. रस्त्यावर मस्त वाटली. हँडल थोडं मागे घेऊन मिळेल का, विचारलंय. उत्तर अजून नवऱ्याच्या मोबाइलवर येतंय.

खड्डेबाज, डोंबिवली

थोडक्यात. साध्या गाडीवर खड्डा आला की आपण नकळत बूड उचलतो. क्रूझरवर पाय पुढे, त्यामुळे उचलताच येत नाही. सगळा दणका माकडहाडावर. गुळगुळीत रस्त्यावर टेस्ट राइड देतात, ती नाकारा आणि कल्याण-शीळ रोडला न्या.

एक्झिट नाइन, न्यू जर्सी

इथली गोष्ट निराळी. ठाण्यात सतराव्या वर्षी चोरून गाडी शिकलो, इथे लायसन्ससाठी रीतसर बेसिक रायडर कोर्स केला. त्यानंतर जपानी गाडी बघायला गेलो तर डीलर म्हणाला, बसून बघा, चालवायला मिळणार नाही. शेजारच्या हार्ले-डेव्हिडसनच्या दुकानात लायसन्स दाखवलं, कागदावर सह्या केल्या आणि हेरिटेज क्लासिक हातात आली. वजन सव्वातीनशे किलोच्या वर. स्टँडवरून सरळ करतानाच पोटात गोळा.

सुटल्यावर वजन कुठे गेलं कळलं नाही. पायाखाली फूटबोर्ड, त्यामुळे पाय पुढेमागे सरकवता येतो. इंजिन ४५ अंशांचं व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर, सिग्नलला थांबलं की सगळी गाडी जागच्या जागी डुलते, वेग घेतला की शांत. मला गोंधळात टाकलं ते इंडिकेटरने. डाव्या मुठीवर डावं बटण, उजव्या मुठीवर उजवं. आपला अंगठा जन्मभर एकाच जागी जायला शिकलेला. दोनदा हॉर्न वाजवला, समोरच्या आजोबांनी हात केला. घेतली नाही, बायकोने किंमत विचारली.

मागची सीट, सातारा

मी मागे बसणारी. आमच्या ह्यांनी टेस्ट राइड एकट्याने घेतली आणि घरी येऊन 'काय गाडी आहे!' एवढंच. दुसऱ्यांदा मी हट्टाने गेले. खंबाटकी घाटापर्यंत काही नाही म्हणू नये, बॅकरेस्टला टेकून छान गेले. घाटात ब्रेक लागला की मात्र पुढे सरकायला होतं, पकडायला काही नाही. आणि शोरूममधल्या गाडीला बॅकरेस्ट असतो, घेताना तो वेगळ्या पैशांत, हे शेवटच्या कागदावर कळतं. बिलाचा अंदाज आधी मागा.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

आमच्या वेळी टेस्ट राइड हा प्रकार नव्हता. २००१ मध्ये बजाजने कावासाकी एलिमिनेटर आणली, १७५ सीसी. मित्राच्या काकांनी घेतली. आम्ही पोरं रांगेत उभं राहून एकेक फेरी मारायचो, काका पुढे बसून. म्हणजे चालवली असं म्हणता येणार नाही. २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर आली तेव्हा नोकरी लागली होती, ती घेतली. अजून आहे, मुलगा हात लावत नाही.

बी विंग, पनवेल

मीटिऑरची मोठी बहीण सुपर मीटिऑर ६५०, २४१ किलो. हायवेला काय वाटलं ते सगळ्यांनीच लिहिलंय, मीही तेच लिहीन. म्हणून शोरूमवाल्याला विनंती केली, राइड आमच्या सोसायटीपर्यंत न्यायची. तो तयार झाला. पार्किंगची जागा भिंतीला लागून, उतार भिंतीकडे. नाक भिंतीकडे करून लावली आणि मग बसल्या बसल्या मागे ढकलायला गेलो. गाडी हलेना. उतरून ढकलली, हलेना. वॉचमन आला, सेल्समन आला, तिघांनी मिळून काढली. तिथेच ठरलं की ही गाडी मागे वळवून, पाठ भिंतीकडे करूनच लावायची, म्हणजे निघताना चढ पुढच्या गिअरमध्ये. बुकिंग केलं. सेक्रेटरींकडे खांबाजवळची सपाट जागा मागितली आहे, ते म्हणतात जनरल बॉडीत विषय घेऊ.