काळ्या गाडीवरचं जाळं: हात की मशीन?

एकाने विचारलंय की काळ्या गाडीवर उन्हात दिसणारं कोळ्याचं जाळं, म्हणजे रंगावरचे बारीक चरे, हाताने पॉलिश घासून जाईल का. दाराच्या मुठीमागचे नखांचे ओरखडे जातील, अख्खं बॉनेट मात्र नाही. मी दोन रविवार घालवले, दंड भरून आले, गाडी आरशासारखी झाली आणि तीन-चार धुण्यांत जाळं पुन्हा हजर! हाताने लावायच्या बऱ्याच पॉलिशांत तेलं आणि फिलर असतात. ते चरे बुजवतात, काढत नाहीत. चरा काढायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उतरवायचा, आणि तो सगळा मिळून साधारण ४०-५० मायक्रॉन, केसाएवढा पातळ.

म्हणूनच नवशिक्याने रोटरी, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या पॉलिश मशीनच्या वाटेला जाऊ नये. ती एकाच जागी फिरते, पत्रा तापतो, कडेवरचा रंग बघता बघता उडतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन फिरता फिरता डोलतं, चुका पोटात घालतं. मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश, सावलीत, आणि आधी फूट-दीड फुटाचा चौकोन करून मोबाइलच्या टॉर्चने बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं.

पण जाळं येतं कुठून? आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे काका एकाच फडक्याने सगळ्या गाड्या कोरड्या पुसतात, आणि त्यातल्या धुळीनेच चरे पडतात. "काका, माझी कोरडी पुसू नका," म्हटलं तर म्हणाले, "मग धूळ दिसेल की, साहेब."