आर्थिक कोंडीतून महासत्तांमध्ये युद्ध पेटू शकते का?

प्रश्न (जिज्ञासू_सातारा):
ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे विकण्यावर निर्बंध घातले. चीनने पुढे चिप बनवायला लागणाऱ्या गॅलियम व जर्मेनियमची, आणि एप्रिल २०२५ मध्ये शक्तिशाली चुंबकांसारख्या वस्तूंसाठी लागणाऱ्या सात दुर्मिळ मृदा धातूंची (रेअर अर्थ) निर्यात परवान्याखाली आणली. त्याच महिन्यात अमेरिकेचे आयातशुल्क १४५, तर चीनचे १२५ टक्क्यांवर गेले. मे महिन्यात तात्पुरता समझोता झाला खरा. पण अशा शह-काटशहातून हे देश लढाईपर्यंत जाऊ शकतात, की परस्परांतला व्यापारच त्यांना आवरून धरेल?

प्रतिसाद १ (इतिहासवेडा):
व्यापारावर फार विसंबू नये. १९१४ पूर्वी ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. मला १९४१ चे उदाहरण त्याहून चिंताजनक वाटते. जपानने दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामच्या परिसरात) सैन्य घुसवल्यावर जुलैअखेर अमेरिकेने त्याची मालमत्ता गोठवली आणि पाठोपाठ तेल तोडले. जपानचे बहुतांश तेल अमेरिकेतूनच येत असे. नाक दाबले की तोंड उघडेल, अशी वॉशिंग्टनची अपेक्षा होती. टोकियोत मात्र साठा किती महिने पुरेल याचे गणित मांडले जात होते आणि साठा जसजसा घटत गेला, तसतसे ‘लढायचे तर आत्ताच’ म्हणणाऱ्यांचे पारडे जड होत गेले. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. उद्या आपण आजच्यापेक्षा दुबळे असू, असे एखाद्या सत्तेला वाटू लागले की तिला थांबणेच घातक वाटते.

प्रतिसाद २ (धातुशास्त्र):
मुद्दा पटला, तरी दुसरी बाजूही आहे. २०१० मध्ये जपानच्या ताब्यातल्या, पण चीनही हक्क सांगत असलेल्या सेनकाकू बेटांजवळ दोन्ही देशांच्या बोटींची टक्कर झाल्यानंतर चीनकडून जपानला जाणारे दुर्मिळ मृदा धातू अडले. जपानने ऑस्ट्रेलियातल्या खाणकंपनीत पैसा घातला, अमेरिका व युरोपीय संघासह जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, आणि २०१४ मध्ये निकाल चीनच्या विरोधात गेला. म्हणजे पर्याय उभा करायला अवधी मिळाला, तर कोंडी शांततेने फुटू शकते. मात्र खाणीपेक्षा धातू वेगळे करण्याचे कारखाने उभारणे कठीण असते. २०२५ मध्ये या धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांअभावी पुण्याच्या बजाज ऑटोलाही विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन कमी करावे लागले, ते त्यामुळेच.

प्रतिसाद ३ (सागरमार्ग):
चिपच्या बाबतीत तो अवधीच तोकडा आहे, कारण जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी बहुतेक तैवानमध्ये बनतात आणि त्याच बेटावर चीन हक्क सांगतो. म्हणून मला शुल्कापेक्षा लष्करी संपर्काची काळजी अधिक वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्षा नॅन्सी पेलोसी यांच्या तैवानभेटीनंतर चीनने दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांमधली बोलणी थांबवली, ती पुन्हा सुरू करण्याचे नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांच्या भेटीत ठरले. व्यापाराचे भांडण कितीही चिघळले तरी ही बोलणी त्यात ओढली जाऊ नयेत, असा करार दोघांनी आधी करायला हवा.