सीटी नॉर्मल आला, तरी कॉक्लिअर इम्प्लांटआधी एमआरआय लागतोच का? (ठाणे / नवी मुंबई)

घोडबंदरची_मावशी:
माझा भाचा दीड वर्षाचा. बेरा (आवाजाला ऐकण्याची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ती तपासणी) दोनदा झाली, दोन्हीकडे काहीच रिस्पॉन्स नाही, कानाचं मशीन लावून चार महिने झाले तरी हाक मारली की ढिम्म. आता इम्प्लांटचं (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात ते यंत्र) चाललंय. सीटी नॉर्मल आलाय तरी डॉक्टर एमआरआय सांगतायत, म्हणजे परत उपाशी ठेवा, परत झोपेचं औषध, बहीण पार रडकुंडीला आलीय. खरंच लागतो का? आणि सेंटर कसं निवडायचं?

नेरूळकर_आई:
लागतो गं. सीटीत हाड दिसतं, म्हणजे कॉक्लिआचे (आतल्या कानातला शंखासारखा भाग) अडीच वेढे पूर्ण आहेत का, चेहऱ्याची नस कुठून जाते (ती सर्जनच्या वाटेतच असते) वगैरे. पण ऐकण्याची नस सीटीत दिसतच नाही, आणि तीच नसली किंवा दोऱ्याएवढी बारीक असली तर एवढं महागडं इम्प्लांट बसवून सिग्नल मेंदूपर्यंत जाणार कसा?
आम्ही शहाणपणा करून जवळच्या स्वस्त सेंटरला गेलो, त्यांनी नुसता ब्रेनचा काढून दिला, कानाचे बारीक कट्स नाहीतच, सर्जनने फिल्म बघून बाजूला ठेवली आणि सगळं पहिल्यापासून. त्यामुळे फोनवरच विचारा, आतल्या कानाचा सिस किंवा फिएस्टा सिक्वेन्स (बारीक नसा दिसतात तो एमआरआयचा प्रकार) करता का, आणि लहान मुलांसाठी भूलतज्ज्ञ हजर असतो का. सीडी घ्याच, नुसत्या फिल्मवर भागत नाही.

कळवा_स्लो_लोकल:
आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि गाडीत डुलकी लागू देऊ नका!! आमचा नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये गाढ झोपला, तिथे पोचल्यावर टक्क जागा, औषध चढेना. सर्दी असेल तर आधीच सांगा.

जुना_ठाणेकर:
मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) होऊन गेलाय का? तसं असेल तर कॉक्लिआ आतून भरत जाते, आधी तंतू मग हाड. सुरुवातीचं सीटीत दिसत नाही, एमआरआयमध्ये कळतं, आणि मग थांबायला वेळ नसतो. शिवाय इम्प्लांटमध्ये मॅग्नेट असतो, नंतर एमआरआय काढला तर फोटोत त्या बाजूला काळा डाग येतो, म्हणून आधीच काढलेला बरा. खर्चासाठी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (कर्णबधिरांसाठीची सरकारी संस्था) अ‍ॅडिप योजनेची (अपंगांना साधनं देणारी केंद्राची योजना) चौकशी करा.

घोडबंदरची_मावशी:
मेनिंजायटिस नाही. पण जन्मल्यावर कावीळ खूप वाढली होती, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होता.

नेरूळकर_आई:
अगं हे आधी सांगायचंस ना! ओएई (आतला कान स्वतः काम करतो का ती तपासणी) झाली होती का? बेरा सपाट आणि ओएई चांगली असं असेल तर गडबड नसेतही असू शकते, काविळीत तसं होतं. रिपोर्ट शोध आणि एमआरआयला जाताना सोबत ने.