मैत्रिणीचा रिपोर्ट आणि मुंग्यांची रांग

परवा ओल्या पाचोळ्याचा वास आला आणि आठ वर्षांपूर्वीची एक दुपार जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. मैत्रिणीने फोनवर ‘लिम्फोमा (लसिका संस्थेचा कर्करोग) आहे, तिसरी स्टेज’ एवढेच सांगितले होते आणि लगेच माझ्या सर्दीची चौकशी केली होती. मी घरी न जाता झाडीत जाऊन बसले. समोर मुंग्या एका पतंगाचा पंख ओढून नेत होत्या. वारा आला की तो शिडासारखा उभा राही, मुंग्या फरफटत मागे जात आणि पुन्हा ओढू लागत. अर्धा तास मला तिची आठवणही झाली नाही, आणि ते लक्षात आल्यावर फार अपराधी वाटले. तुमचेही असे काही अनुभव असतील तर जरूर लिहा.

—

अपराधीपणाबद्दल सहमत. मित्राचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चाले. तेवढा वेळ मी बाहेर झाडाखाली बसे आणि नंतर त्याला खारींच्या उचापती सांगे. तब्येत विचारणाऱ्यांना तो विटला होता, खारींना नाही.

—

शक्य असेल तर रुग्णासाठी खिडकीजवळची खाट मागून घ्यावी. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात नोंदवले होते की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्ण अवघे ४६ होते, हेही सांगायला हवे.

—

एक सावधगिरी सुचवते. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना मी मैत्रिणीसाठी हौसेने कुंडी घेऊन गेले आणि नर्सने मला दारातच अडवले. तेव्हा राग आला होता. मातीतल्या बुरशीमुळे अशा रुग्णाला गंभीर संसर्ग होऊ शकतो, हे नंतर कळले. मग मी पहाटेचा पक्ष्यांचा किलबिलाट फोनवर रेकॉर्ड करून नेऊ लागले.

—

मला मात्र काडीचाही दिलासा मिळाला नाही. मित्र अंथरुणाला खिळलेला असताना सगळीकडे बहर आलेला पाहून संतापच यायचा. असेही होते, म्हणून लिहिले.

—

तुम्ही हे लिहिलेत ते बरे झाले. मैत्रीण आता ठणठणीत आहे. मुंग्यांची गोष्ट तिला मी गेल्या वर्षी, बरीच भीतभीत सांगितली, तर तिने एवढेच विचारले, “पंख बिळापर्यंत पोचला का गं?” मी तोवर थांबलेच नव्हते. त्यावरून तिने मला जे झापले, ते अजून चालू आहे.