समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र एकत्र घ्यावं का? नागपूरच्या मुलांना माझं उत्तर : हो

बर्डीवाली

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न येतोच. मी नागपुरात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. बीएला यायचं ठरवलेली मुलं विचारतात, "मॅडम, सोशॉलॉजी आणि पॉलिटिकल सायन्स दोन्ही घेतले तर चालेल का?" आणि घरचे, क्लासवाले, शेजारचे काका सगळे एकच सांगतात : दोन्ही सारखेच आहेत, एक घे, सोबत काहीतरी वेगळं घे. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. नागपुरात राहणाऱ्या मुलांसाठी तर नाहीच नाही.

झिरो माइलकडून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, येताना गोवारी शहीद स्मारक लागतं. उड्डाणपुलालाही तेच नाव आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाचा मोर्चा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर निघाला होता. चेंगराचेंगरी झाली, 114 जण गेले, त्यात बहुतेक बायका आणि लेकरं. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची.

आता हे प्रकरण नुसतं राज्यशास्त्र घेऊन वाचा. अधिवेशन नागपुरात का भरतं, तर 1953 चा नागपूर करार. अनुसूचित जमातींची यादी कलम 342 खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने निघते आणि त्यात एक शब्द घालायचा किंवा काढायचा तर संसदेचा कायदा लागतो. म्हणजे ज्या विधानभवनाकडे ती माणसं निघाली होती, त्या सभागृहाच्या हातात ती यादी बदलणं नव्हतंच. फार तर दिल्लीला शिफारस करता आली असती. हे कळलं की अंगावर काटा येतो. पण तरी अर्धंच कळलेलं असतं. यादीत गोंडांच्या नोंदीखाली 'गोंड गोवारी' असं आहे. गोवारी म्हणजे पूर्वापार गावाची गुरं राखणारा समाज. मग गोवारी आणि गोंड गोवारी एक की दोन? सोयरीक कुणाशी होते, देव कोणते, इंग्रजांच्या काळातल्या नोंदी कुणी आणि कशा केल्या, हे तपासल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही, आणि तो प्रांत समाजशास्त्राचा. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायचे तर मुलाकडे दोन्ही विषय हवेत. एकच विषय असलेला मुलगा मध्येच अडतो, हे मी वर्गात पाहते.

संख्यारसिक

ताई, उदाहरण मनाला लागलं, पण निष्कर्षाशी सहमत नाही. दोन्ही विषय एकाच कुळातले. मार्क्स इकडे, मार्क्स तिकडे. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर इकडे, वेबर तिकडे. तीन वर्षांत मुलगा तीच माणसं दोनदा शिकतो आणि एक साधं कोष्टक समोर आलं की गप्प बसतो.

केंद्राने 30 एप्रिल 2025 ला जाहीर केलं की येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार. 1931 नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून कधी बाहेरच आले नाहीत. हे आकडे येतील तेव्हा ते वाचणार कोण? वाहिन्यांवर ओरडणारे? समाजशास्त्र घ्या, जरूर घ्या, पण जोडीला संख्याशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र घ्या. राज्यशास्त्राचं बरंचसं वाचन घरी बसून करता येतं, नमुना निवड आणि प्रमाण विचलन घरी बसून कुणी शिकत नाही.

धानोऱ्याचा

मी गडचिरोली जिल्ह्यातला. नागपुरात होस्टेलवर राहून बीए केलं, हे दोन्ही विषय होते. बर्डीवाली मॅडमचं म्हणणं बरोबर आहे, पण कॉलेजात जे होऊन राहिलं ते पण सांगतो.

राज्यशास्त्रात पंचायत राजची 73 वी घटनादुरुस्ती होती, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा 1996 कायदा होता. ग्रामसभा म्हणजे काय, पाच गुणांचं उत्तर. समाजशास्त्रात आदिवासी समाज होता, तरुण मुलामुलींचं घोटुल होतं, तेही पाच गुणांचं उत्तर. आमच्या तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव मात्र दोन्ही पेपरांत कुठंच नव्हतं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये ज्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, बांबू विकायचा अधिकार ज्यांनी भांडून घेतला, त्या गावात ठराव मतदानानं होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. एकजण नाही म्हणाला तं विषय पुढच्या बैठकीत. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच.

राज्यशास्त्रवाला विचारेल, बहुमताशिवाय कारभार चालतो कसा? समाजशास्त्रवाला सांगेल, गोंडांच्या गावात निवाडा करायची रीतच तशी आहे. पण रीत होती म्हणून कागद हातात आला नाही. त्यासाठी 2006 चा तो वनहक्क कायदा यावा लागला, तो वाचणारे लोक गावात बसावे लागले, अभ्यासगट लागले. दोन्ही मिळूनच ते गाव समजते. कॉलेजात हे दोन्ही सर एकमेकांशी बोलत नव्हते, इतकंच माझं दुःख आहे. आम्ही दोन गाईड घेतले आणि पास झालो.

लायब्ररी_ते_लायब्ररी

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळे सरळ व्यवहाराचं लिहितो. दोन्ही विषय एकत्र घेण्याच्या मी विरोधात आहे.

पहिलं म्हणजे युपीएससीला 2013 पासून वैकल्पिक विषय एकच. राज्यसेवाही आता वर्णनात्मक झाली, तिथंही एकच. सामान्य अध्ययनात राज्यव्यवस्था येते, भारतीय समाजही येतो, पण तेवढं पदवीला न घेताही होतं. दुसरं, प्राध्यापक व्हायचं तर एमए एकात आणि नेट-सेटही त्याच विषयात. दोन अर्ध्या भाकरी घेऊन कुणी मुलाखतीला उभं करत नाही. आणि नव्या शैक्षणिक धोरणात बीएला मेजर, म्हणजे मुख्य विषय, एकच असतो, दुसरा मायनर, म्हणजे दुय्यम. पूर्वी तीन ऐच्छिक विषय सारख्या वजनाने असायचे, ते दिवस गेले. मग मायनरला असं काही घ्या ज्यातून पोट भरेल. घरच्यांनी वावर गहाण ठेवून नागपूरला पाठवलेल्या मुलाला "दोन्ही घे, समज वाढेल" हे सांगणं मला जड जातं.

इंदोरा_चौक

पोटाचा प्रश्न खरा आहे, भाऊ. पण आपल्या शहराच्या नजरेतून एकदा बघा.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला बजावलं होतं की राजकारणात आपण समता आणतोय, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहतेय, आणि ही विसंगती दूर केली नाही तर विषमता सोसणारे लोकशाहीचा हा डोलाराच उलथवून टाकतील. सात वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, ते नागपुरात आले आणि लाखोंसह धम्म स्वीकारला. ज्या माणसाने कलमं लिहिली त्यालाच कलमं पुरत नाहीत हे दिसत होतं. कोलंबियात 1916 साली त्यांनी जातीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचविशीत होते, म्हणजे समाजाचा अभ्यास आधी आणि राज्यघटना नंतर. माझ्या वस्तीतली पोरं कायदा घोकतात आणि जात अंगावर झेलतात. त्यांना हे दोन्ही धागे एकत्र शिकवले नाहीत तर ती भाषणं देतील, विश्लेषण करणार नाहीत.

बर्डीवाली

संख्यारसिक दादा, वेबर दोनदा येतो, मान्य. पण प्रश्न दोन वेगळे असतात. आमच्या वर्गात आम्ही विचारतो की लोक हुकूम का मानतात : परंपरेमुळे, एखाद्या माणसाच्या वलयामुळे, की नियमामुळे? शेजारच्या वर्गात विचारतात की नोकरशाहीवर निवडून आलेल्यांनी अंकुश कसा ठेवायचा. पहिला प्रश्न सोडवलेल्या मुलालाच दुसरा नीट कळतो.

आकड्यांबद्दल मात्र मला एक प्रसंग सांगायचाय. मुलांना घेऊन आम्ही विणकरांच्या एका वस्तीत पाहणीला गेलो होतो. एका घरी दारातच जुना हातमाग, त्यावर आता गाद्या रचलेल्या. माझ्या विद्यार्थिनीने फॉर्मवरचा 'जात / जमात' हा रकाना वाचला. आजोबा म्हणाले, "कोष्टी लिही, बेटा." आतून त्यांचा मुलगा आला, म्हणाला, "हलबा लिहा. आम्ही हलबाच, कोष्टी हा आमचा धंदा." आजोबा थोडं थांबून म्हणाले, "मग दोन्ही लिही." रकान्यात जागा एकाच उत्तराची. मुलगी पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

हलबा यादीत अनुसूचित जमात आहे, कोष्टी नाही. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिलिंद प्रकरणात सांगितलं की यादी जशी आहे तशीच वाचायची, हलबा-कोष्टी म्हणजे हलबाच का याची चौकशी न्यायालयाने करायची नाही. त्या घरातल्या दोन उत्तरांमध्ये तो निकाल आहे, नोकऱ्या आणि प्रवेश आहेत, बंद पडलेला मागही आहे. दादा, आकडा यायच्या आधी रकान्यात काय लिहायचं ते ठरतं. तिथे तुमचं संख्याशास्त्र काय करणार?

संख्यारसिक

काय करणार ते सांगतो. तुम्ही एक घर पाहिलंत. वस्तीत अशी दोन उत्तरं देणारी घरं किती? वयानुसार उत्तर बदलतं का? शिकलेल्या पिढीत हलबा म्हणण्याचं प्रमाण जास्त आहे, की जात पडताळणीत अर्ज फेटाळला गेलेल्या घरांत? हे न मोजता त्या आजोबांवर सुंदर लेख लिहिता येईल, पण समितीसमोर उभं राहता येणार नाही. रकाना ठरवायला तुमचे दोन्ही विषय लागतात हे मी मान्य करतो. पण फॉर्म भरून झाल्यावर मुलांनी त्याचं पुढे काय केलं?

बर्डीवाली

प्रश्न रास्त आहे. फॉर्म फाइलला लागले, प्रकल्पाचे गुण मिळाले. टक्केवारीपुढे आम्ही गेलो नाही, कारण पुढचं शिकवणारं कुणी नव्हतं. म्हणून संख्याशास्त्राला माझा विरोध नाहीच, ते तिसरं हवं. माझा विरोध आहे तो त्यासाठी राज्यशास्त्र काढून टाकण्याला. पडताळणी समिती कोणत्या कायद्याने बसते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तुम्ही सुचवलेला प्रश्न सुचणारच नाही.

मानेवाड्याची_आई

सगळं वाचलं. माझ्या मुलीला दोन्ही आवडतात आणि नवऱ्याचं म्हणणं लायब्ररीवाल्या दादासारखं आहे. मेजर कोणता ठेवायचा तेवढं सांगा, फॉर्म भरायचाय.

बर्डीवाली

ताई, तिला विचारा की बातमी वाचताना ती आधी काय शोधते. कुणाला अधिकार होता, कोणता नियम मोडला, हे शोधत असेल तर राज्यशास्त्र मेजर. पुढे एलएलबी, प्रशासन, पत्रकारिता जमेल. ती माणसं कोण होती, कुठून आली, असं का वागली, हे शोधत असेल तर समाजशास्त्र. पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी), आरोग्य आणि ग्रामविकासाच्या संस्था, पाहणीची कामं. दुसरा विषय मायनर. आणि फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा की दोन्हींचे तास एकाच वेळी तर येत नाहीत ना. हे वेळापत्रक बघितल्याशिवाय सही करू नका, नंतर विषय बदलताना फार पळापळ होते.

लायब्ररी_ते_लायब्ररी

आणि एमए कशात करणार ते तिच्याकडून आत्ताच वदवून घ्या, ताई. मॅडमचं सगळं खरं धरलं तरी तिथे एकच नाव लिहावं लागतं. माझ्या ओळखीत दोन्हींत एमए केलेले लोक आहेत, तासिकेवरच आहेत.

धानोऱ्याचा

एका विषयात एमए केलेले पण तासिकेवरच आहेत, भाऊ. जागा निघत नाहीत, त्याचा राग विषयांच्या जोडीवर कायले काढता?